समासातलं विमान

"गेम खेळायला पुस्तक कशाला लागतं रे?" हा प्रश्न मला हॉस्टेलवर आल्यापासून किमान दहा जणांनी विचारला असेल. माझ्या टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेलं एक जाडजूड बाड असतं. त्याच्या कडा काळवंडल्यात आणि पहिलं पान कधीच गळून गेलंय. ते एका विमानाच्या सिम्युलेटरचं मॅन्युअल आहे. विचारणाऱ्यांचं चुकत नाही. क्रिकेटचा किंवा गाड्यांच्या शर्यतीचा गेम असेल तर बटणं दाबत दाबत दहा मिनिटांत जमतं. सिम्युलेटरचं तसं नाही. तिथं कुणाला हरवायचं नसतं, एक खरी वस्तू खऱ्यासारखी चालवायची असते. साधं सेसना १७२ सुरू करायचं म्हटलं तरी इंधनाचा कॉक, मिक्श्चर, मास्टर स्विच, मॅग्नेटो असा क्रम आहे. तो चुकला तर 'तुम्ही हरलात' असं कुणी म्हणत नाही. काहीच होत नाही. विमान आपलं गप्प उभं राहतं. त्या गप्प विमानासमोर बसलेल्या माणसाला पुस्तक लागतं.

आता हे पुस्तक कागदावरचं असावं की पडद्यावरचं? सिम्युलेटरवाल्यांमधला हा नेहमीचा वाद आहे. कागदवाले म्हणतात, पानांचा वास, हाताला लागणारं वजन, जुन्या खोक्यांची मजा. पडद्यावाले म्हणतात, शोधा आणि सापडवा, कशाला रद्दी साठवता? मला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात. पण मी जिथून आलो तिथं हा वाद वेगळ्याच जागी येऊन थांबतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

मी बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्याचा. घरात मराठी, शाळेच्या ऑफिसात कन्नड, बाजारात दख्खनी आणि कॉम्प्युटरवर इंग्रजी. आमच्याकडं विमान ही दुर्मीळ गोष्ट नाही. बिदरला हवाई दलाचा तळ आहे, तिथं वैमानिक घडतात. सूर्यकिरण ही नऊ विमानांची कसरतीची तुकडी १९९६ साली बिदरलाच उभी राहिली. २००८ पासून तिथं हॉक जातीची प्रशिक्षण विमानं आहेत. तूर खुरपणाऱ्या बायका आवाजावरून सांगतात की आज पोरं शिकूलालीत का जुनी माणसं उडवूलालीत. प्रवासी विमान मात्र फार उशिरा आलं. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला आणि बिदरहून प्रवासी उड्डाण २०२० च्या फेब्रुवारीत. म्हणजे विमान रोज डोक्यावर आणि आत बसलेला माणूस गावात एकही नाही. अशा ठिकाणच्या पोराला सिम्युलेटरचं वेड लागलं तर नवल नाही.

जाड मॅन्युअल आली कुठून, ते आधी बघू. ब्रूस आर्टविक यांचा फ्लाइट सिम्युलेटर १९८० च्या सुमारास ॲपल टू कॉम्प्युटरवर आला आणि १९८२ मध्ये तो मायक्रोसॉफ्टच्या नावानं आयबीएम पीसीवर आला. त्या काळच्या फ्लॉपीत गेम बसवतानाच नाकीनऊ यायचे, मग समजावून सांगायला जागा कुठली? जे फ्लॉपीत मावत नव्हतं ते कागदावर गेलं. विमान का उडतं, का पडतं, नकाशे, विमानतळांच्या याद्या, सगळं पुस्तकात. १९९८ च्या फाल्कन ४.० या एफ-१६ विमानाच्या सिम्युलेटरबरोबर तर जवळपास सहाशे पानांचं मॅन्युअल आलं होतं, फाइलसारख्या रिंगांमध्ये अडकवलेलं. ते वाचून लोक खरोखर रडार कसं चालतं ते शिकले.

कागदाला दुसरंही एक काम होतं, ते म्हणजे राखणदारीचं. १९८९ च्या सिमसिटी या शहर वसवण्याच्या गेमबरोबर गडद लाल रंगाचा एक कागद यायचा. त्यावर गावांची नावं आणि लोकसंख्या. गेम मध्येच विचारायचा, अमक्या गावाची लोकसंख्या किती? कागद जवळ नसेल तर गेम नीट चालायचा नाही. आणि कागद लाल का, तर त्याची झेरॉक्स काळीकुट्ट यावी म्हणून! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्याकडं विद्या म्हणून जे काही पोहोचतं ते बहुतेक झेरॉक्समधूनच पोहोचतं.

पुढं सीडी आली, जागेचा प्रश्न मिटला. १९९३ मध्ये पीडीएफ आलं. छपाईचा खर्च, खोक्याचा आकार, वाहतूक, हे सगळं कंपन्यांना वाचवता येऊ लागलं. मग खोकंच गेलं. गेम थेट इंटरनेटवरून उतरू लागला आणि दर महिन्याला बदलू लागला. बदलणाऱ्या वस्तूचं छापील पुस्तक छापून होईपर्यंतच शिळं होतं. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची युरोपात एक खोक्यातली आवृत्ती निघाली होती, दहा डीव्हीडी आणि सोबत छापील मॅन्युअल. हौशी लोकांनी ती घेतली, पण ती आता हौसेचीच गोष्ट.

माझ्या वाट्याला यातलं कुठलंच खोकं आलं नाही. माझ्या वाट्याला आला फ्लाइटगिअर. १९९७ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून तो बनवताहेत, तो फुकट आहे, आणि त्याचं मॅन्युअलही कुणीही उतरवून घ्यावं, छापावं, वाटावं अशा परवान्याचं आहे. चुलतभावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो कसाबसा चालायचा. मॅन्युअल पीडीएफमध्ये. पण पडदा एकच. त्यावर एक तर विमान दिसणार नाही तर मॅन्युअल. मोबाइलवर उघडावं तर अक्षरं मुंगीएवढी, आणि मोबाइल घरातल्या चार जणांचा. त्यात करंट गेला की सगळंच गेलं.

मग भालकीला बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. सगळं पुस्तक परवडण्यासारखं नव्हतं. हवी ती प्रकरणं निवडली, सव्वाशेएक पानं. पाठपोट काढली, स्पायरल केलं. दुकानदारानं विचारलं, "कौनसे परीक्षा का है?" मी म्हटलं, विमानाचं आहे. तो म्हणाला, "हौ? पास हो जा फिर." एवढंच.

डिजिटल विरुद्ध छापील या वादात हा तिसरा प्रकार कुणी धरतच नाही. पडद्यावरून आलेलं, पण झेरॉक्सच्या दुकानात कागद झालेलं. आपल्यापैकी किती जणांनी आख्खी पदवी यावर काढलीय! ते ना धड पुस्तक, ना धड फाइल. पण त्याला दोन्हीकडचे थोडे थोडे गुण लागतात.

दोषही लागतात. विमानाच्या वेगाच्या तबकडीवर रंगीत पट्टे असतात. पांढऱ्या पट्ट्यात फ्लॅप उघडता येतात, हिरव्यात नेहमीचं उड्डाण, पिवळ्यात हवा शांत असेल तरच जायचं आणि लाल रेघ कधीच ओलांडायची नाही. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये हे सगळं करड्या रंगाचं आलं. जीव वाचवणारी रेघ आणि नेहमीची रेघ सारखीच दिसत होती. मी धाकट्या बहिणीची रंगपेटी घेतली आणि पीडीएफ बघून एकेक पट्टा रंगवला. त्या रंगवण्यात आकडे पाठ झाले. मोठ्या शहरातल्या पोरानं रंगीत पान एकदा बघितलं असतं आणि पुढं गेला असता.

खरी गोष्ट पुढंच आहे. बाड दिवसभर घरात ओसरीवर पडलेलं असायचं, आणि पडलेल्या कागदाला घरातला कुणीही हात लावतो. मोबाइलमधल्या पीडीएफला लावत नाही. ते ज्याचं त्याचं असतं. एकदा आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, उघडं पान बघून विचारलं, "काय वाचूलालास रं?" पानावर विमानाच्या सुकाणूचं चित्र होतं, इंग्रजीत त्याला 'योक' म्हणतात. योक म्हणजे जू, असं मी सांगितलं. आबा हसले. "जू हाय म्हंतूस, मग बैल कुटं हायत?" मी इंजिनावर बोट ठेवलं. त्यांना ते पटलं नाही. जू मानेवर असतं, हातात नसतं, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मी मात्र समासात पेन्सिलीनं 'जू' लिहून ठेवलं. संध्याकाळी कन्नड शाळेतला मित्र आला, त्यानं शेजारी कन्नड लिपीत 'नोग' लिहिलं. त्याचाही अर्थ जूच.

मग ती सवयच लागली. 'ट्रिम' नावाची एक गोष्ट मला पुस्तकातून कळेना. विमान सरळ राहावं म्हणून योक सतत ओढून किंवा दाबून धरावं लागतं. तो जोर हातावरचा काढून टाकायला शेपटीच्या पंखावर एक छोटी पट्टी असते आणि ती एका चाकानं वरखाली करतात. वाक्य इंग्रजीत वाचलं की समजल्यासारखं वाटायचं आणि विमानात बसलं की नाक वर-खाली, वर-खाली. आबांना मी ते तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे गाडी उलाळ झाल्यावानी." मागं ओझं जास्त झालं की बैलगाडी मागं कलते, जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं. "मग काय करतंय माणूस? वर धरून बसतंय का? ओझं पुढं सरकवतंय. भार नीट बसला की कासरा ढिला सोडला तरी गाडी वाटंनं जातीय." मी समासात लिहिलं, 'उलाळ. धरून बसू नये, भार बसवावा.' त्या दिवसापासून माझं विमान सरळ उडतं. वैमानिकांच्या शाळेत हे असं शिकवत नसतील, पण मला ट्रिम कळली ती समासात.

'स्टॉल'चंही तसंच. नाक फार वर केलं की पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि विमान खाली येतं. समासात माझ्या अक्षरात लिहिलंय, 'पंखाला वारा धरेना.' मॅन्युअलमध्ये अमेरिकेतल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावरून लिव्हरमोरला जाण्याचा एक पाठ आहे. नकाशा कसा वाचायचा, दिशा कशी धरायची, कुठं उंची बदलायची, सगळं पायरीपायरीनं. त्याच पानाच्या कडेनं मी बिदर ते कलबुर्गीचा हिशेब मांडलाय. सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर, होकायंत्र २२० च्या आसपास, सेसनाला अर्धा तास. छापील मजकूर लिव्हरमोरला जातो आणि पेन्सिल कलबुर्गीला.

हे पडद्यावर का झालं नसतं, असं कुणी विचारेल. पीडीएफवरही टिपा लिहिता येतात. येतात, पण आबांनी आणि मित्रानं त्या लिहिल्या नसत्या. शिवाय पडद्यावर आणखी एक सोय हजर असते, भाषांतराची. मी एकदा प्रयोग म्हणून एक पान भाषांतराच्या ॲपला दिलं. 'स्टॉल'चं झालं दुकान, 'पिच'ची झाली खेळपट्टी आणि विमान डावीकडं 'बँक' करा याऐवजी डावीकडची बँक आली. 'ट्रिम'ची छाटणी झाली. एकटं 'जू' तेवढं बरोबर आलं! ही ॲप आता सुधारत चाललीत, उद्या कदाचित सगळंच बरोबर येईल. पण 'उलाळ' त्यातून येईल का? तो शब्द कुठल्या विमानाच्या पुस्तकात नाही, तो औरादच्या ओसरीवर आहे.

पडद्याची बाजूही तेवढीच खरी आहे. माझ्या बाडात दिलेली एक कळ नव्या आवृत्तीत बदलली. कागदाला ते कळलं नाही, पीडीएफला कळलं. रात्री विमान फिरक्या घेत खाली येत असताना बाडात पान शोधत बसणं शक्य नसतं, तिथं शब्द टाकून शोधणंच बरं. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना पडद्यावर ते मोठं करता येतं, जे बघू शकत नाहीत त्यांना तेच पान ऐकता येतं. खऱ्या विमानांतही हाच बदल झालाय. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं वैमानिकांच्या सोळा किलोच्या कागदी बॅगा काढून टॅबलेट दिले. एप्रिल २०१५ मध्ये टॅबलेटवरचं ॲप अडकलं आणि त्यांच्या काही डझन उड्डाणांना उशीर झाला. तरी त्यांनी सोळा किलोच्या बॅगा परत आणल्या नाहीत, आणि ते बरोबरच केलं. मला कागदाची पूजा करायची नाही.

पुस्तक टिकतं कशानं, याचं उत्तर मला आमच्याच भागात मिळालं. बिदरमध्ये महमूद गवानची मदरसा आहे, १४७२ मध्ये पूर्ण झालेली. तिच्या ग्रंथालयात तीन हजारांच्या आसपास ग्रंथ होते असं सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीला दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उडाला. आज निळ्या-पिवळ्या फरशांची भिंत आणि एक मिनार बघायला पर्यटक येतात. ग्रंथ नाहीत.

त्याच जिल्ह्यात बसवकल्याण, चालुक्यांची कल्याणी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याचा 'मानसोल्लास' आपल्याला अभ्यासक्रमात भेटतो, कारण शके १०५१, म्हणजे ११२९ च्या या संस्कृत ग्रंथात मराठी ओळी सापडतात. पण तो खरा काय आहे? शंभर अध्यायांचं मॅन्युअल! राज्य कसं चालवावं इथपासून हत्ती-घोड्यांचे खेळ, मासे पकडणं, ससाण्याची शिकार, स्वयंपाक, गाणं इथपर्यंत. ज्या जिल्ह्यात आज हॉक उडतात तिथं नऊशे वर्षांपूर्वी ससाण्याचं मॅन्युअल लिहिलं गेलं. राजधानी गेली, ग्रंथ राहिला, कारण लोक त्याच्या नकला करत राहिले. त्या पोथ्यांवरून श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला आणि १९२५ पासून तो बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापला गेला.

छापलं म्हणजे टिकलं, असंही नाही. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, पुन्हा १६४९ मध्ये आणि १६५४ मध्ये. तीन आवृत्त्या, आणि त्या छापील प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. आपण जे वाचतो ते भाविकांनी घरोघरी हातानं उतरवलेल्या पोथ्यांतून आलंय. त्याच पोथ्यांवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालदान्हा यांनी ते पुन्हा छापलं. छापखाना हरला आणि पाठपोट लिहिणारी माणसं जिंकली.

म्हणून कागद की पडदा, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. पुस्तकाला मी दोनच गोष्टी विचारतो. याची नक्कल करायची परवानगी आहे का? आणि याच्या समासात दुसऱ्या कुणाला लिहिता येतं का? सिमसिटीचा लाल कागद छापील होता, पण पहिल्या प्रश्नात नापास. कंपनीच्या खात्यात लॉग-इन केल्याशिवाय न उघडणारं आजचं ऑनलाइन मॅन्युअल दोन्हीत नापास. कंपनीनं पान बंद केलं की ते मदरशाच्या ग्रंथांसारखं गेलं. फ्लाइटगिअरचं पीडीएफ डिजिटल असून पहिल्यात पास आहे, आणि भालकीच्या दुकानातून बाहेर आलं की दुसऱ्यातही पास होतं.

आपल्या भाषेसाठी हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. मराठीत विमानाच्या सिम्युलेटरचं मॅन्युअल कुठलीही कंपनी काढणार नाही, बाजार नाही म्हणतील. कन्नडमध्येही नाही, दख्खनीत तर लिहायचं कुठल्या लिपीत इथपासून सुरुवात. अशा यंत्रांच्या पुस्तकांत आपल्या भाषांना मधल्या पानात जागा मिळत नाही, ती समासातच मिळते. तोही समास गेला तर आपण नुसते वापरणारे राहू. बटण दाबू, विमान उडेल, पण ते का उडालं हे आपल्या शब्दांत कधीच सांगता येणार नाही. शब्द नसले की आबांसारख्या माणसाला त्या गोष्टीत शिरायला दारच उरत नाही.

म्हणून या सेमिस्टरला एक काम सुरू केलंय. फ्लाइटगिअरच्या मॅन्युअलमधलं शिकाऊ उड्डाणाचं प्रकरण मराठीत उतरवतोय. परवाना आहे, त्यामुळं कुणाला विचारायला नको. रुंद समास सोडून ए-फोरवर छापता येईल असं ते करायचंय. मोबाइलवर वाचता येईल अशी फाइलही राहील. आतापर्यंत एकोणीस शब्द जमलेत. मंडळातल्या आळंद, हुमनाबाद, उदगीर, देगलूरकडच्या सगळ्यांना विनंती की सुट्टीत घरी गेल्यावर जरा विचारा. उतरताना जमिनीला टेकण्याच्या अगदी आधी विमानाचं नाक हलकेच वर घेतात, म्हणजे चाकं धाडकन आदळत नाहीत. त्या क्षणाला इंग्रजीत 'फ्लेअर' म्हणतात. चालत्या बैलगाडीतून उतरणाऱ्याकडं, डोक्यावरचं पोतं उतरवणाऱ्याकडं, भरलेली घागर ओट्यावर ठेवणाऱ्या बाईकडं यासाठी नक्की एखादा शब्द असणार. मला तो अजून मिळालेला नाही. बाडाच्या त्या पानावर त्याच्यासाठी जागा सोडून ठेवलीय.